कपाळपट्टी

झेल्डाला आयुष्यात कुणी "तुझं चुकलं" असं म्हटलंच नव्हतं, असं नाही. पण म्हणणाऱ्याला त्यानंतर बराच वेळ तिचं ऐकून घ्यावं लागे. चाळीस वर्षं तिने टोरंटोत लोकांना गाडी चालवायला शिकवली होती. शेजारच्या सीटवर बसायचं आणि आपल्या पायाखाली एक वेगळा ब्रेक ठेवायचा, हा तिचा धंदा. चाळीस वर्षं असा ब्रेक पायाखाली असलेल्या बाईला जग आपल्या ताब्यात आहे असं वाटू लागलं, तर त्यात तिचा काय दोष?

सप्टेंबरात तिच्या नवऱ्याला, अनशेलला, झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. त्याला दवाखान्यातून घरी आणलं त्याच्या तिसऱ्या दिवशी झेल्डाने त्याच्या कपाटातून एक वही काढली आणि सिनेगॉगच्या रब्बींना, म्हणजे आपल्या ज्यू धर्मगुरूंना, फोन लावला.

"या आठवड्यापासून दोरी मी बघणार."

"तुम्हाला जमेल?" रब्बींनी विचारलं. विचारायला नको होतं. पुढची दहा मिनिटं ते नुसते "हो, हो" म्हणत होते.

दोरी म्हणजे एरुव. शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत, घराबाहेर काही उचलून न्यायचं नाही की ढकलायचं नाही. तान्हं मूल नाही, चाकांची खुर्ची नाही, खिशात किल्लीसुद्धा नाही. घराच्या आत मात्र सगळं चालतं. म्हणून जुन्या शहाण्या माणसांनी अख्खी वस्तीच एक घर करून टाकली. वस्तीभोवती खांब रोवायचे आणि त्यांच्या डोक्यावरून दोरी न्यायची. दोन खांब म्हणजे दाराच्या दोन बाह्या, वरची दोरी म्हणजे कपाळपट्टी. अशी दाराला दार लागून भिंत होते आणि आतली तीनशे घरं एकाच छपराखाली आल्यासारखी होतात. दोरी एका जागी तुटली तरी घर मोडलं, आणि शब्बाथभर सगळ्यांचे हात बांधले गेले. म्हणून दर आठवड्याला कुणीतरी पूर्ण फेरी मारायची आणि सिनेगॉगच्या फोनवर निरोप ठेवायचा. एकतीस वर्षं तो निरोप अनशेलच्या आवाजात असे. "दोरी शाबूत आहे. शब्बाथ शांतीचा जावो." एकतीस वर्षांत एकदाही तो निरोप खोटा निघाला नव्हता, आणि याचा अभिमान अनशेलपेक्षा झेल्डालाच जास्त होता.

वही चोख होती. चौसष्ट खांब, प्रत्येकाची खोड लिहिलेली: बावीसवर खारी चढतात, एकेचाळीसच्या मालकिणीला आधी नमस्कार करावा. झेल्डा सात महिने त्या वहीबरहुकूम गाडी फिरवत होती. वहीत जे नाही ते जगात नाही, असं तिने धरूनच टाकलं होतं.

यंदा वल्हांडणाची पहिली रात्र नेमकी शुक्रवारी आली. एरवी सणाच्या दिवशी वस्तू नेली-आणली तर चालतं, पण सण शब्बाथवर पडला की शब्बाथचा नियम वरचढ. त्या रात्रीचं जेवण, सेदर, मुलीकडे होतं. तिर्झाचं घर चार रस्ते पलीकडे. पण तिच्याकडे न्हाणीघर वरच्या मजल्यावर आणि अनशेलचा कठड्याचा पलंग इथे. त्याने तिकडे मुक्काम करणं शक्यच नव्हतं. म्हणजे जेवण झालं की खुर्ची ढकलत परत यायचं. दोरी असेल तर.

आणि अनशेलला तिथे असायलाच हवं होतं. सेदरच्या सुरुवातीला घरच्या कर्त्याने बेखमीर भाकरी सगळ्यांना दिसेल अशी वर धरायची आणि भुकेल्यांना जेवायला बोलवायचं, ही रीत. चव्वेचाळीस वर्षं ती भाकरी अनशेलने धरली होती. तिर्झा हळूच म्हणाली होती, "आई, यंदा ह्यांनी धरली तर? बाबांना ताण नको."

"जावयाचे दोन्ही हात चालतात, त्याने भांडी घासावीत," झेल्डा म्हणाली होती. "भाकरी तुझे बाबा धरतील. डावा हात आहे ना धडधाकट? सात महिने तो माणूस खुर्चीत बसून आपलं बोलणं ऐकतोय. एक दिवस सगळ्यांनी त्याच्याकडे बघायचं."

सोमवारपासून अनशेल सरावालाही लागला होता. निदान झेल्डाला तसं वाटलं. तो डावा हात सरळ वर करी, दोन बोटं फाकवी आणि खिडकीकडे बघत राही.

"वा! आत्तापासून तयारी!" झेल्डाने त्याच्या हातात भाकरीएवढा चौकोनी पुठ्ठा दिला. अनशेलने तो खाली टाकला आणि पुन्हा दोन बोटं वर केली.

"दोन? दोन नाही रे, ताटात तीन भाकऱ्या असतात. विसरलास?"

अनशेलने डोळे मिटले. बायको चुकली की डोळे मिटायचे, ही त्याची चाळीस वर्षांची सवय होती. वाचा गेली तरी ती गेली नव्हती. झेल्डाने पुठ्ठा उचलून पुन्हा त्याच्या मांडीवर ठेवला.

शुक्रवारी स्वयंपाकघरात श्वास घ्यायला फुरसत मिळणार नाही म्हणून तिने गुरुवारीच फेरी मारली. चौसष्टच्या चौसष्ट खांब जागच्या जागी. निरोप ठेवून ती मोकळी झाली.

शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला दाराची घंटा वाजली. दारात आमादेउ उभा होता. मागच्या गल्लीतला म्हातारा गवंडी, जन्माने पोर्तुगालच्या बेटांवरचा, बाईमाणसाला आदराने 'दोना' म्हणणारा. अंगावर काळा सूट, त्यावर चर्चच्या मंडळाचा जांभळा झगा. आज गुड फ्रायडे. दुपारभर त्यांची मिरवणूक चालली होती, बँडचा आवाज इथपर्यंत येत होता.

"दोना झेल्डा, माझ्या हातून मोठं पाप झालंय."

"मग तुमच्या पाद्र्याकडे जा, आमादेउ. माझा ओव्हन चालू आहे."

आमादेउने मूठ उघडली. मुठीत पांढऱ्या नायलॉनच्या दोरीचं भेंडोळं होतं. झेल्डाने ती दोरी ओळखली. तिच्या गाडीच्या डिकीत तिचंच रीळ होतं.

"कुठली?"

"आमच्या गल्लीतली. चर्चच्या मागची. क्रूस अडकला आणि... खांबाचं टोकही मोडलं." त्याने झग्याच्या टोकाने कपाळ पुसलं. "अनशेल आजारी आहे, मला माहीत आहे. पण मला वाटलं तुम्ही याल काठी धरायला. दोरीचं सगळं आता तुमच्याकडे आहे म्हणतात."

"कसली काठी?"

आमादेउ तिच्याकडे बघतच राहिला. "त्याने कधी सांगितलं नाही?"

मग दारातच उभ्या-उभ्या त्याने सांगितलं. पहिल्या वर्षी असंच झालं होतं. खांद्यावरून प्रभूची पालखी निघाली आणि वरचा उंच क्रूस गल्लीतल्या दोरीला टेकला. अनशेल धावत आला. दोघांचं कडाक्याचं भांडण जुंपलं. आमादेउ म्हणाला, आजच्या दिवशी प्रभूचा क्रूस मी कुणापुढे वाकवणार नाही, तुझी दोरी काढ. अनशेल म्हणाला, दोरी काढणार नाही. दोघंही घाम पुसत बराच वेळ उभे राहिले. पालखीखालच्या माणसांचे खांदे दुखायला लागले. शेवटी अनशेल म्हणाला, "तू वाकवू नको, मी काढत नाही. मी वर करतो."

"पुढच्या वर्षी तो बेचकं असलेली लांब काठी घेऊन आला. गल्लीच्या तोंडाशी उभा राहायचा आणि बेचक्यात दोरी धरून हातभर वर उचलायचा. प्रभू खालून जायचे. एकतीस वर्षं, दोना झेल्डा! पाऊस असो, बर्फ असो. आमच्यासारखी टोपी कधी काढली नाही त्याने, पण काठीही कधी खाली केली नाही."

"आणि मला का नाही सांगितलं?"

आमादेउ जरा चाचरला. "म्हणायचा, घरी बोलू नकोस. बायको म्हणेल, ऐन सणाच्या साफसफाईत मला सोडून दुसऱ्यांच्या मिरवणुकीला गेलास."

ती म्हणालीच असती. दर वसंतात एका शुक्रवारी दुपारी अनशेल "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणून निघायचा आणि ती त्याला कामचुकार म्हणायची. दर वर्षी. झेल्डा मागे वळली. पॅसेजमध्ये खुर्चीत अनशेल बसला होता. डावा हात सरळ वर, दोन बोटं फाकलेली.

बेचकं.

पाच दिवस तो तिला हेच सांगत होता आणि ती त्याच्या मांडीवर पुठ्ठा ठेवत होती. झेल्डाला इतकी लाज वाटली की तिला रागच आला. आधी त्याच्यावर, मग त्या चोख वहीवर, आणि मग जिच्यावर यायला हवा होता तिच्यावर. पण राग काढत बसायला वेळ नव्हता. सात चाळीसला मेणबत्त्या लावायच्या. त्यानंतर फोनलाही हात लावायचा नाही.

"कळलं," ती त्याला म्हणाली. "उशिरा कळलं, पण कळलं."

तिने आधी एकच काम केलं. सिनेगॉगच्या फोनवर जुना निरोप पुसला आणि नवा ठेवला: "दोरी तुटली आहे. पुढचा निरोप येईपर्यंत कुणी काही नेऊ नये." खणखणीत आवाजात. मग ओव्हन बंद केला, अनशेलला गाडीत बसवलं, खुर्ची डिकीत घातली आणि गाडी चालू करता करता एनवरला फोन लावला.

एनवर बोस्नियाचा. लढाईतून जीव वाचवून आला तेव्हा झेल्डानेच त्याला गाडी शिकवली होती. तीनदा नापास झाला होता. आता छपरं दुरुस्त करायचा त्याचा धंदा जोरात होता, तरी झेल्डाचा आवाज ऐकला की तो अजून आरशात बघून घेई.

"एनवर, उंच शिडी घेऊन चर्चच्या मागच्या गल्लीत ये. आत्ता."

"मावशी, रमजान चालू आहे. सकाळपासून पोटात पाण्याचा थेंब नाही. रोजा सोडून येतो की आठनंतर."

"आठनंतर मला तुझा काही उपयोग नाही. आणि उपासाचं कौतुक मला सांगू नकोस, आज या रस्त्यावर कुणीच जेवलेलं नाही."

ते खरंच होतं. गल्लीत तिघं जमले तेव्हा सगळ्यांचीच पोटं खपाटीला गेलेली. आमादेउचं आज एकच जेवण, तेही माशाचं, दुपारी कधीतरी. झेल्डाला सकाळपासून पाव वर्ज्य आणि बेखमीर भाकरी रात्रीपर्यंत वर्ज्य. ती दोन उकडलेल्या बटाट्यांवर उभी होती. एनवरचं तर पाणीही बंद. तिघांच्याही घरी पाहुण्याला रिकाम्या तोंडाने जाऊ देत नाहीत, आणि तिघंही एकमेकांना काहीच देऊ शकत नव्हते. आमादेउने सवयीने खिशातून गोळ्यांची डबी काढली, दोघांकडे बघितलं आणि परत खिशात घातली. मग आठवून त्याने एक गोळी अनशेलला दिली. आजारी माणसाला सगळं माफ.

झेल्डाचा फोन तेवढ्यात तापायला लागला होता. नवा निरोप ऐकून आयांचे फोन. "आम्ही बाबागाडी घेऊन सासरी निघणार होतो, आता काय करायचं?" मग तिर्झाचा.

"आई, बाबांचं काय? मग त्यांना घरीच ठेवू या का? मी तुम्हा दोघांसाठी ताट घेऊन..."

"ताट कशात घालून आणशील? डोक्यावर? तेही नेणंच की ग!"

पलीकडे तिर्झा म्हणाली, "मुलांनी त्यांच्या खुर्चीला जागा करून ठेवलीय टेबलाशी."

"जागा तशीच राहू दे," झेल्डा म्हणाली आणि फोन ठेवला. त्या रिकाम्या जागेचं तिने नुसतं चित्र डोळ्यांपुढे आणलं आणि रिळावरची दोरी भराभर सोडवायला घेतली.

एनवरने शिडी लावली. "मावशी, एवढा जीव काय टांगताय? मी ढकलतो ना काकांची खुर्ची. जाताना आणि येताना. मला कुठे शब्बाथ आहे?"

"तू तुझ्या बायको-मुलांबरोबर रोजा सोड. आणि त्या पन्नास आया? त्यांची पोरंही तूच कडेवर घेणार?"

"नाही बुवा," एनवर म्हणाला आणि वर चढला.

गल्लीच्या एका बाजूचा खांब ठीक होता. झेल्डा तिथे उभी राहून दोरी देत होती. पलीकडचा खांब आमादेउच्या गॅरेजच्या भिंतीला टेकलेला, आणि त्याचं वरचं टोक खाचेसकट फाटून गेलेलं. त्याच खांबाखाली तिने अनशेलची खुर्ची लावली होती, उन्हाच्या आडोशाला. एनवर वर बराच वेळ खुडबुड करत होता. दोरी मोडक्या टोकावर ठेवली की घसरायची, पुन्हा ठेवली की पुन्हा घसरायची. छपरामागे सूर्य चांगलाच कलला होता. सात वाजून वीस मिनिटं झाली. शेवटी ड्रिलचा आवाज आला आणि दोरी ताठ झाली.

"बसली घट्ट!" एनवर ओरडला. "आता हत्ती टांगा."

"वरून गेली ना? खांबाच्या डोक्यावरून?"

"वरूनच. जवळपास."

ते "जवळपास" झेल्डाने ऐकलं. कान तिचे अजून तिखट होते. दोरी खांबाच्या डोक्यावरून जायला हवी. कपाळपट्टी दाराच्या बाह्यांवर बसते, बाहीच्या अंगाला खुंटीवर टांगलेली नसते. टांगलेली असेल तर ते दार नाही, नुसती दोरी. हे तिला वीतभर पोर होती तेव्हापासून माहीत होतं. पण इथून, मावळत्या उन्हाकडे तोंड करून, तिला नीट दिसत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर तिला नीट बघायचंही नव्हतं. दोरी होती. ताठ होती. खालून जाणाऱ्या कुणाला फरक कळला नसता. तिने फोन काढला आणि सिनेगॉगचा नंबर शोधायला लागली.

समोर अनशेलने हात वर केला. डावा हात, सरळ. दोन बोटं फाकलेली.

झेल्डाने ते बघितलं. या वेळी तिला पहिल्या फटक्यात कळलं, आणि तरी ती मोठ्याने म्हणाली, "हो रे, धरशील भाकरी, धरशील! चल आता."

अनशेलने डोळे मिटले नाहीत. तो तिच्याकडे बघत राहिला. हात तसाच.

"काय म्हणतायत काका?" एनवरने शिडीवरून विचारलं.

"काही नाही. सराव करतोय."

आमादेउ तिच्या शेजारीच होता. त्याने अनशेलकडे बघितलं आणि मग आपल्या बुटांकडे. अनशेलचा हात थरथरायला लागला होता. सात महिन्यांत त्याने तो इतका वेळ कधी वर धरला नव्हता. कोपर वाकायचं, तो पुन्हा सरळ करायचा. एकतीस वर्षं हा माणूस इथे असाच उभा होता, आणि एकतीस वर्षं फोनवर तो एक शब्द खोटा बोलला नव्हता. आता त्याला एकही शब्द बोलता येत नव्हता. त्याच्या जागी बोलायला ती होती. झेल्डाच्या बोटाखाली नंबर तयार होता.

तिने फोन खिशात टाकला.

"एनवर, खोटं बोलले मी. दोरी बाजूला टांगली आहेस तू. चालणार नाही."

"अहो मावशी, वीतभर तर खाली आहे!"

"वीतभर काय, बोटभरही चालणार नाही. दार आहे ते. तुझ्या घराच्या दाराची कपाळपट्टी भिंतीच्या खिळ्याला टांगशील का?"

"पण वर खाचच नाही! काय करू, डोक्याने धरून उभा राहू?"

झेल्डा रस्ता ओलांडून अनशेलपाशी आली. त्याचा वर धरलेला हात तिने मनगटाशी धरला आणि त्या दोन फाकलेल्या बोटांकडे बघितलं. मग ती गर्रकन वळली.

"आमादेउ, ती काठी कुठे आहे?"

आमादेउ उत्तर द्यायलाही थांबला नाही. ब्याऐंशी वर्षांचा माणूस, जांभळा झगा सावरत, अक्षरशः पळत गॅरेजमध्ये शिरला. आतून डबे पडल्याचा आवाज आला, मग एक पोर्तुगीज शिवी, आणि मग शिवी दिल्याबद्दल प्रभूची मागितलेली माफी. तो बाहेर आला तेव्हा खांद्यावर काठी होती. लांब, हाताळून काळी पडलेली, टोकाला फांदीचंच नैसर्गिक बेचकं. अनशेलने हात मांडीवर ठेवला.

"मोडक्या खांबाला ही काठी जोड," झेल्डा म्हणाली. "बेचकं खांबाच्या वर काढ. दोरी बेचक्यात बसव. पत्र्याच्या पट्ट्या आहेत ना तुझ्याकडे?"

"आहेत. पण किती वाजले?"

"घड्याळ मी बघते. तू आरशात बघू नकोस, पुढे बघ."

एनवर हसला आणि ड्रिल सुरू झालं. खाली आमादेउने शिडी धरली, झेल्डा स्क्रू देत गेली. चार पट्ट्या, बारा स्क्रू. सात एकतीस. एनवरने दोरी बेचक्यात टाकली, ओढली, पुन्हा ओढली. ती घसरली नाही. झेल्डाने खुर्चीशी येऊन, अनशेलच्या डोक्याशी डोकं लावून, तो बघत होता तिथूनच वर बघितलं. मग पलीकडे जाऊन तिकडूनही.

"वरून आहे?" तिने विचारलं. एनवरला नाही, अनशेलला.

अनशेलने मान हलवली.

तेव्हा तिने फोन लावला. निरोप रोजचाच होता, फक्त शेवटी तिने तीन शब्द जोडले, जे आजवर कुणी जोडले नव्हते. "दोरी शाबूत आहे. शब्बाथ शांतीचा जावो. अनशेलने बघितली आहे."

आमादेउ अजून वरच बघत होता. काठीमुळे त्या बाजूची दोरी पूर्वीपेक्षा हातभर उंच गेली होती.

"अनशेल," तो म्हणाला, "आता काठी धरायला कुणी नको. पुढच्या वर्षी प्रभू या बाजूने जातील." त्याने अनशेलचा लुळा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि काही वेळ सोडलाच नाही.

"तरी तू येऊन उभा राहा हं," मग तो म्हणाला. "सवय आहे मला, तू दिसायची."

"येईल," झेल्डा म्हणाली. "मी आणीन. वहीत लिहिते. आज नाही, रविवारी रात्री सण उतरला की." मग एनवरकडे वळून, "आणि तू पळ, जेमतेम अर्धा तास राहिलाय तुझा. खजूर आहेत ना गाडीत?"

"आहेत, मावशी."

"मग हळू चालव. उपाशीपोटी तू डावं वळण फार कापतोस."

सात अडतीसला ती घरी पोचली, चाळीसला मेणबत्त्या लागल्या. मग तिने अंगावर चांगली शाल घेतली आणि खुर्ची ढकलत निघाली. रस्त्यावर बाबागाड्याच बाबागाड्या होत्या. गल्ली वाटेत नव्हती, तरी झेल्डा तिकडूनच गेली. दोरीखालून जाताना दोघांनीही वर बघितलं.

तिर्झाकडे टेबलाशी जागा तशीच रिकामी ठेवलेली होती. खुर्ची तिच्यात चपखल बसली. वीस माणसं, दोन रडकी पोरं, कडू भाजीचा नाकात जाणारा वास. द्राक्षरसाचा पहिला पेला झाला. पोरं गप्प झाली आणि सगळ्यांनी अनशेलकडे बघितलं.

त्याने डाव्या हाताने भाकरी उचलली. हात छातीपर्यंत आला, हनुवटीपर्यंत आला आणि तिथे थांबला. संध्याकाळभर गल्लीत धरून तो पार दमला होता. भाकरी थरथरायला लागली. तिर्झाने ओठ चावला. जावई मदतीला पुढे वाकला, पण झेल्डाने त्याच्याकडे असं काही बघितलं की तो परत मागे टेकला.

मग तिने आपली दोन बोटं फाकवली, ती अनशेलच्या मनगटाखाली घातली आणि भाकरी टेबलाच्या पार शेवटच्या पोरालाही दिसेपर्यंत त्याचा हात वर उचलला.